मामाने अडवलेलं वऱ्हाड

लोक सकाळी उठून देवाचं नाव घेतात, लोटनआप्पा रुळाला शिव्या घालायचे. खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेलं लाल निशाण, अंगात नारिंगी जाकीट. ते रेल्वेत चाबीवाले होते. म्हणजे आपल्या वाट्याचे पाच-सहा किलोमीटर रूळ रोज पायी तुडवायचे, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकून घट्ट करायच्या आणि कुठे तडा गेलाय का ते बघायचं. प्रत्येक ठोक्याबरोबर एक शिवी, आणि शिव्याही अशा ठेवणीतल्या की लोखंडाला लाज वाटावी.

मी एकदा विचारलं, "आप्पा, लोखंडाला कशाला शिव्या देता?"

"भाऊ, रूळले शिवी दिधी तर तो ऐकी लेस. साहेबले दिधी तर साहेब लिखी लेस."

मी तेव्हा खांडबाऱ्याहून नंदुरबारला नोकरीसाठी अप-डाऊन करायचो. संध्याकाळची गाडी लेट असली की, म्हणजे बहुतेक रोजच, स्टेशनबाहेर आप्पांबरोबर चहा व्हायचा. देवही त्यांच्या तोंडातून सुटला नव्हता. मारुतीपुढे नारळ फोडताना म्हणायचे, "पूल मी देखस, बाकीनं तू देख." त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मारुतीकडे पुलाचंही काम आलं असेल.

तोंड असं असलं तरी जीव भाचीत. आशा सहा वर्षांची असताना तिचा बाप गेला, तेव्हापासून मायलेकी आप्पांकडेच. तिला बघायला आलेली पहिली दोन मुलं त्यांनीच वाटेला लावली. "एक गुटखा खास, दुसरा मायले इचारीसन बोलस." तिसरा सुरतचा गणेश पसंत पडला. त्या बैठकीला बहिणीने आप्पांना तोंड न उघडण्याची शपथ घातली होती. दोन तास ते पांढऱ्या टोपीत नुसते मान हलवत बसले. व्याह्यांना वाटलं, मामा फार सज्जन आहे.

लग्न मार्गशीर्षात, दुपारी साडेबाराचं. हळद लागली तरी आप्पांनी रजा टाकली नाही. म्हणाले, "थंडीमा रूळ आखडस. मन्हा बदली जो येई, तो मोबाईल देखत चाली."

त्याच आठवड्यात नंदुरबारच्या अलीकडचा एक सिग्नल बिघडला होता. रूळ मोकळा असला तरी लाल. मग गाडी उभी राहायची, ड्रायव्हरला लाल ओलांडायच्या परवानगीची चिठ्ठी मिळायची आणि लाल असतानाच गाडी हळूहळू पुढे सरकायची. पाच-सहा दिवसांत आम्हाला त्याची इतकी सवय झाली की तिथे आम्ही डबे उघडायला लागलो. आप्पांना मात्र ते खटकत होतं. "हाऊ सिग्नल म्हंजे कटकटी सासू शे. रोज बोंबलस म्हनीसन कोनी ध्यान देत नही. पन एखाद दिन घरमा खरंच साप निंघस."

लग्नाच्या दिवशी सुरतचं वऱ्हाड नेमकं माझ्याच डब्यात. आमंत्रण मलाही होतं. वरबाप हिरामणतात्या पांढऱ्याशुभ्र सफारीत, सीटवर रुमाल पसरून त्यावर बसलेले. सिग्नलला गाडी थांबली. पाऊण तासाने चिठ्ठी आली, गाडी हलली, वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या, आणि करकचून ब्रेक लागला. धुक्यातून माकडटोपी घातलेला एक माणूस लाल निशाण नाचवत, बोंबलत पळत येत होता.

तात्या खिडकीतून ओरडले, "लाल फडकं दखाडाले तुले आजनाच दिन सापडना का रे?"

"बठ ना मझार गुपचूप!" खालून उत्तर आलं, आणि त्यापुढे जे आलं ते इथे लिहिता येणार नाही.

तात्यांचा चेहरा सफारीसारखा पांढरा पडला. "आख्ख्या वऱ्हाडदेखत माले बोलना! हाऊ माणूस माले परत भेटू दे, माफी मांगाडाबिगर सोडाव नही." मी आवाज ओळखला होता, आणि हळूच मान आत घेतली. सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्यालो. त्याची लाज मला अजून वाटते.

त्या दिवशी सिग्नल खरं बोलत होता. पुलाच्या तोंडाशी रूळ तुटून चार बोटांची फट पडली होती. चिठ्ठी मात्र रोजच्या सवयीने मिळाली होती. हे सगळं नंतर कळलं; डब्यात तेव्हा सगळ्यांना तो रोजचाच खोळंबा वाटला. माणसं आली, पट्ट्या लावून रूळ जोडला, गाडी गोगलगायीसारखी पुलावरून गेली. या सगळ्यात दोन तास गेले आणि मुहूर्तही.

आमच्याकडे वऱ्हाड आलं की आधी व्याहीभेट. वरबाप आणि नवरीचा बाप सगळ्यांसमोर गळ्यात पडतात, टोपी-टॉवेल देतात, मग पुढचं लग्न. आशाला बाप नाही, म्हणून माईकवर मामाचं नाव पुकारलं गेलं. आप्पा थेट रुळावरून आलेले. तेच जाकीट, गळ्यात तीच माकडटोपी, हात वंगणाने काळे. कपडे बदलून येतो म्हणाले होते, पण भटजी दुसरा मुहूर्त काढून घड्याळ दाखवत होते.

तात्या टॉवेल हातात धरून थबकले. "तो तूच व्हता?"

आप्पांनी मान हलवली. बैठकीत हलवली होती तशीच.

"पहिले माफी मांग. नही तर वऱ्हाड आठूनच माघारी फिरी."

आप्पांची बहीण पदर तोंडात धरून उभी राहिली. दाराशी मुंडावळ्या बांधलेली आशा मामाकडे बघत होती. तिच्यासाठी हा माणूस आता कुणाचेही पाय धरेल, असं मला वाटलं.

"मांगस," आप्पा म्हणाले. "शिवी दिधी, तिनी माफी मांगस. मन्हं तोंडच खराब शे." आणि त्यांनी खरंच हात जोडले. मग ते हात सोडून ताठ उभे राहिले. "पन गाडी थांबाडी, तिनी मांगाव नही. पुलना तोंडे चार बोट रूळ तुटेल व्हता, तात्या. तुमना आंडोर गणेश जित्ता मांडोमा पोचाडा. मामाकडना हाऊ आहेर समजा."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वरमाय पुढे आली. सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता. तिने गणेशच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि नवऱ्याकडे वळली.

"आते भेटतस का त्यासले, का मी भेटू?"

मांडवात हशा फुटला. तात्या आधी लाल झाले, मग पुढे झाले आणि आप्पांना त्यांनी घट्ट मिठी मारली. आप्पा हमसून रडले. पुढे पंगती उठेपर्यंत हिरामणतात्या पांढऱ्या सफारीच्या पाठीवर वंगणाचे दोन काळे पंजे घेऊन मांडवभर आग्रह करत फिरले. शर्ट बदला, असं दोघा-तिघांनी सुचवलं, पण त्यांनी ऐकलं नाही.