पेटीत नसलेला सा

वरंधच्या भजनात महिपतबुवा उभे राहिले की समोरचा माणूस विडीसुद्धा विझवायचा. घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज जागचा हलला. गेला नाही हो, हलला! पण एवढं कळायची अक्कल होती कुणाला?

मंडळाची रीत जुनी. पेटीची काळी एक ही पट्टी दाबायची, हैबतीने पखवाज तिच्यावर लावायचा आणि बुवांनी त्या सुरात गायचं. आता काळी एकात बुवांचा गळा ताणला जाई, आणि तिच्या शेजारची खालची पांढरी धरली तर आवाज पोटात जाई. "बुवा बेसूर झाला," हैबती चारचौघांत बोलून मोकळा झाला. लहानपणचा दोस्त, पण मेल्याच्या जिभेला हाड नाही. बुवांनी टाळ खुंटीला लावले. सप्ताह तोंडावर आला तरी त्यांचं एकच, "यंदा दुसरा कोण तरी बघा."

सून अमिताला ते बघवेना. ती महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. इंटरनेटवर बघून बघून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. 'सा'चा आकडा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते, द्यायचा; बाकीचे स्वर तो स्वतःच त्यावरून मोजतो, आणि लॅपटॉपची बटणं पेटीच्या पट्ट्यांसारखी वाजतात. आकडा मोठा तर सूर चढा, लहान तर उतरलेला.

रविवारी तिने ते यंत्र पडवीत मांडलं आणि एक बटण दाबून दाखवलं.

"गांधीलमाशी कोंडलीस का काय गो ह्यात?" बुवा म्हणाले.

"हसा, मामा. पण सा लावून बघा."

तिने काळी एकचा आकडा घातला. बुवांना खोकला आला. पांढरीचा घातला, आवाज खाली बुडाला. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागले. अमिता घाबरली. आणि मग तिच्या मनात आलं, ह्या दोन आकड्यांच्या मधला घातला तर? पेटीत तिथे पट्टीच नाही, पण इथे कोण अडवणार?

तिने घातला. बुवांनी उभ्यानेच सा लावला आणि तो लागला! स्वच्छ, भरीव, पहिल्यासारखा.

"थांब, थांब! हात लावू नकोस त्याला," बुवा ओरडले आणि मटकन खाली बसले. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

हैबतीला बोलावणं गेलं. "पखवाज काय रबराचा हाय का?" असं कुरकुरत त्याने हातोडीने वाद्यांच्या वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले आणि पखवाज त्या सुरावर उतरवला. बुवांचा सा ऐकून मात्र त्याची मान खाली गेली. "चुकलो रे," तो म्हणाला.

सप्ताहात संध्याकाळी देवळात लॅपटॉप माईकजवळ ठेवला. त्याची बॅटरी कधीच मेलेली, सगळी भिस्त वायरीवर. अभंग ऐन रंगात आला आणि लाईट गेली. सूर बंद. अमिताला वाटलं, आता मामा अडखळणार, लोक हसणार, आणि टाळ पुन्हा खुंटीला लागणार!

पण अंधारात बुवा गातच राहिले. त्याच 'सा'वर, केसभरही न हलता. हैबतीचा हातही थांबला नाही. लाईट आली तेव्हा अमिता लॅपटॉप पुन्हा सुरू करायला धावली, तर बुवांनी नुसता हात हलवला, राहू दे. ती तिथेच खांबाला टेकून बसली आणि मनसोक्त रडली.