मामीचा ओला नॅपकिन

माझी मामी माणसाकडे बघताना आधी ओठ बघते. बाकीची विचारपूस नंतर. ओठांची सालं निघालेली दिसली की समोरचा कितीही मोठा माणूस असो, "जीभ फिरवायची सवय आहे ना?" असं तोंडावर विचारते. माझ्या नवऱ्याला तिने पहिल्याच भेटीत हे विचारलं होतं. बिचारा सगळ्यांदेखत लाल झाला. सवय मात्र सुटली.

एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, क्रीम-लोशनच्या काउंटरवर ती बरीच वर्षं उभी होती. उभी म्हणजे अगदी उभीच. गिऱ्हाइकासाठी गुबगुबीत खुर्ची होती, विकणारीला बसायची सोय नव्हती. मामीचे पाय संध्याकाळी सुजायचे, पण ओठांवरचं हसू आणि कपड्यांची इस्त्री मोडलेली कोणी पाहिली नाही.

घरात कोणाच्याही पर्समधली डबी तिच्या हाती लागली की ती आधी उलटी व्हायची. मग चष्मा कपाळावरून नाकावर, बारीक अक्षरांचं वाचन आणि लगेच निकाल. तिच्या मते जगात क्रीमचे तीनच प्रकार. एक पाणी ओढणारं, म्हणजे ग्लिसरीन आणि त्याची महागडी भावंडं. दुसरं कातडीच्या फटी भरणारं, म्हणजे शिया बटर आणि नाना तेलं. तिसरं वरून झाकण घालणारं, म्हणजे पेट्रोलियम जेली, मेण, मेंढीच्या लोकरीतली चरबी. "बाकी सगळा वास आणि डबी," असं ती म्हणायची. ओठांचं कातडं पातळ, त्यांना झाकणच हवं. हवा कोरडी असताना नुसतं ग्लिसरीन लावलं तर त्याला बाहेरून पाणी मिळत नाही, मग ते आतलंच ओढतं आणि ओठ आणखी फुटतात. थंडगार लागणारे लिप बाम तर तिच्या लेखी शुद्ध लबाडी. गार वाटतं, ओठ चुरचुरतात, आणि माणूस दर घटकेला डबी काढत बसतो.

आणि काहीही लावा, ओल्या कातडीला लावा. यावर तिची देवावर नसेल इतकी श्रद्धा.

मामी लग्न होऊन आली तेव्हा माझी आई, म्हणजे तिची धाकटी नणंद, घरातच होती. तिला सगळे बारकी म्हणत, मामीही तेच म्हणू लागली. आईला पहिल्यापासून हात फुटण्याचा त्रास. थंडी पडली की मामी तिला समोर बसवायची, कोमट पाण्यात हात बुडवायला लावायची, पुरते कोरडे व्हायच्या आत जेली चोळायची आणि वर जुने मोजे चढवायची. हातात मोजे घालून झोपणाऱ्या बहिणीला मामा बॉक्सर म्हणायचा. "सख्ख्या आईने केलं नाही इतकं वहिनीने केलं," हे आईच्या तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

आता काउंटरवरची गोष्ट सांगते. मी आईच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते. उगाच न्यायाधीश असल्याचा आव आणत नाही.

काउंटरवर मामी गिऱ्हाइकाचे दोन्ही हात पुढे घ्यायची. एका हाताला साधी जेली, दुसऱ्याला कंपनीचं क्रीम. "तुम्हीच ठरवा," असं म्हणायची. पण लावण्याआधी हात पुसावे लागतात ना? जेलीचा हात ती कोरड्या कागदाने पुसायची आणि क्रीमचा हात ओल्या, कोमट नॅपकिनने. बस, एवढंच. कोरड्या हातावर जेली चिकट बसायची आणि ओल्या हातावर क्रीम असं मुरायचं की बाई आपलाच हात गालाला लावून बघायची. मामीच्या तोंडून एक शब्दही खोटा जात नसे. म्हणून तिला त्यात काही वाईट वाटत नसे, निदान तसं ती म्हणायची.

दुसरा एक बारीकसा खोटेपणा तिने काउंटरवरच्या मुलींपाशी केला होता. त्या मुली चांगल्या घरच्या, नखं रंगवलेल्या. गप्पांत कोणी सासरचं विचारलं तेव्हा मामी म्हणाली होती, "नणंद हॉटेलात असते." हे खरंच होतं. आई हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासायची. मुलींनी काहीतरी भारी समजून घेतलं आणि मामीने ते तसंच राहू दिलं.

त्या वर्षी आईच्या बोटांना चिरा पडल्या. हॉटेलने साबण बदलला होता, त्याने कातडं पार सोलवटलं. पाण्यात हात घातला की ती डोळे मिटून घ्यायची. शेवटी एक दिवस कामावरून परस्पर ती मामीच्या दुकानात गेली. याआधी तिथे कधी गेली नव्हती. वहिनीची तिथली इज्जत जपायला हवी, हे तिला ठाऊक होतं. पण वहिनीइतकं हातांचं कळणारं दुसरं कोण होतं?

पुढचं मला मामीनेच सांगितलं. आईने तेव्हा चकार शब्द काढला नाही.

आई काउंटरपाशी आली तेव्हा अंगावर कामाचेच कपडे होते, बाह्या ओल्या, भांड्यांच्या पाण्याचा वास. मजल्याचे नवे साहेब मामीच्या मागेच उभे होते, शेजारी त्या दोन मुली. आई हसली आणि "वहिनी" म्हणायला तोंड उघडलं. मामी पटकन म्हणाली, "या मॅडम, बसा ना. हात बघू."

आई बसली. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मामीकडे, आणि दोन्ही हात पुढे केले.

"बघा मॅडम," आई म्हणाली.

मामी सांगत होती की तिथे ती थांबू शकली असती. पण हातांना सवय असते. तिने उजवा हात कोरड्या कागदाने पुसला आणि डावा ओल्या नॅपकिनने. ज्या बाईला तिने स्वतः ओल्या हाताचं गुपित शिकवलं, तिच्याच हातावर ती तो खेळ करत होती, आणि समोरची बघत होती. क्रीममधलं अत्तर चिरांना झोंबलं असणार. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते झोंबल्यामुळेच, असं मामी मनाला बजावत राहिली.

"कुठला हात मऊ लागतोय, मॅडम?"

आईने डावा हात वर धरला. "हाच हो, मॅडम. काय सुंदर क्रीम आहे!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की आजूबाजूच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. मग तिने ती महागडी डबी विकत घेतली. मामीने कागदी पिशवीत घालून, रिबीन बांधून दिली. साहेब मान डोलावून पुढे गेले.

"बाथरूममध्ये जाऊन रडले गं," मामी मला म्हणाली. "मेल्याहून मेल्यासारखं झालं." मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. इतका राग आला होता, आणि तरी तिच्या सुजलेल्या पायांकडे बघून कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी होतं, माझा त्याला इलाज नव्हता.

आईने मात्र वहिनीची बाजू स्वतःच मांडून टाकली होती, मनातल्या मनात. साहेब मागे उभे होते म्हणजे वहिनीची नोकरी अडचणीत असणार, असं तिने ठरवलं. म्हणून तिने काय करावं? कामावरच्या बायकांना त्या क्रीमची तोंड भरून स्तुती सांगितली आणि चौघींना दुकानात धाडलं. "तिथल्या मॅडम फार चांगल्या आहेत," म्हणाली. नातं सांगितलं नाही.

त्या चौघी काउंटरवर आल्या, तशाच सोललेल्या हातांच्या. मामीने कोरडा कागद उचलला आणि खाली ठेवला. तिने सगळ्यांचे दोन्ही हात ओल्या नॅपकिनने पुसले. दोन्ही हात सारखेच मऊ लागले. उलट जेलीचा हात कमी झोंबला. "मग ही साधीच द्या की," म्हणत त्या जेली घेऊन गेल्या. साहेबांनी ते पाहिलं. पुढच्याच आठवड्यात मामी काउंटरवरून मागच्या गोदामात गेली, खोकी भरायला. तिथे निदान स्टूल आहे, असं ती सांगत होती. चेहरा मात्र मोकळा झाल्यासारखा दिसत होता. आपण फेडलं, असं तिला वाटत होतं.

इकडे हॉटेलात आईचं हसं झालं. "तुला चांगलंच बनवलं की त्या मॅडमने!" म्हणून बायका तिला क्रीमवाली म्हणू लागल्या. आई त्यांच्याबरोबर हसायची. डबी संपेपर्यंत तिने ते क्रीम लावलं, वाया कसं घालवायचं म्हणून.

हे मीच मामीला सांगितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मी येऊन सांगते सगळ्यांना. तिची काही चूक नाही, मीच फसवलं म्हणून सांगते. तू चल माझ्याबरोबर."

दुपारी आम्ही हॉटेलच्या मागच्या दाराशी गेलो. दारातून वाफ बाहेर येत होती. उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर बायका चहा पीत बसल्या होत्या, आई मधोमध. चौघींपैकी एकीने मामीला लगेच ओळखलं. "अगं, या त्याच मॅडम!"

मामी हात जोडून उभी राहिली. तिने काही गाळलं नाही. ओला नॅपकिन, कोरडा कागद, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आणि ही माझी सख्खी नणंद आहे. माझ्यासमोर येऊन बसली होती. साहेब होते, मुली होत्या, मला लाज वाटली. मी ओळख दाखवली नाही. बारके, मला माफ कर."

सगळ्या आईकडे बघू लागल्या. कोणी चहाचा घोट घेईना. आईच्या मानेवर लाली चढत गेलेली मला दिसली. तिने कप खाली ठेवला, हात ॲप्रनला पुसले आणि उठली.

"मॅडम, तुमची काहीतरी गडबड होतेय," ती म्हणाली. "मी कोणाची नणंद नाही."

आणि आत निघून गेली. नळ जोरात सुरू झाल्याचा आवाज आला. मामी तशीच हात जोडून उभी होती. मी दंडाला धरून तिला रस्त्यावर आणलं.

संध्याकाळी आई घरी आली आणि भाजी निवडायला बसली. मला राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "आई, ती माफी मागायला आली होती. असं का म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" देठं मोडता मोडता ती म्हणाली. "दुकानवालीने बनवलं म्हणून हसत होत्या, मीही हसत होते. त्यात काय, दुकानात सगळ्यांनाच बनवतात. पण घरच्या माणसाने समोर बसवून मला ओळखलं नाही, हे मी कोणाला सांगितलं होतं? तुला तरी सांगितलं होतं का? तेवढं एक मी झाकून ठेवलं होतं. ते ती चारचौघींत उघडं करून गेली. तिला हलकं वाटलं असेल. उद्या त्यांच्यात जाऊन बसायचंय मला."

मामीला घेऊन जाणारी मीच होते.

तेवढ्यात फोन वाजला. मामीचाच होता. आईने नाव पाहिलं आणि भाजीकडे नजर वळवली.

"सांग, बारकी घरी नाही."

मी फोन उचलून तसं सांगितलं. तेव्हाच आईला खोकल्याची उबळ आली, चांगली मोठी. पलीकडे मामीला ती ऐकू गेलीच असणार.

"बरं," ती म्हणाली. "आली की सांग, वहिनीचा फोन होता."