पाणी थांबवायचं चाक

"थांबवा की वो! थांबवा ते!"

सोनाबाई माझ्याकडे बघून ओरडल्या, आणि मला काही ते लगेच थांबवता येईना.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कवठे येमाईचा, सरकारी वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. भीमेवर धरण होणार होतं. कुणाची जमीन बुडणार, कुणाची वाचणार, हे लोकांना नकाशावरून कळत नव्हतं आणि ते कळल्याशिवाय पुनर्वसनाचा फॉर्म नीट भरता येत नव्हता. मुदत आठवड्याची. म्हणून दौंडच्या एका शाळेत आम्ही मॉडेल मांडलं.

ते केलं होतं शिरूरच्या इब्राहिमभाई सुतारांनी. दोन खाटांएवढं, लाकूड आणि प्लास्टरचं. नदी, विहिरी, बोटाच्या पेराएवढी घरं. खिडकीतून त्यावर ऊन यायचं तेव्हा आपण ढगातून खाली बघतोय असं वाटायचं. मी तर कामं सोडून बघत बसायचो.

त्यात पाणी चढवायचं काम माझं. अशा यंत्रात दोन गोष्टी निवडाव्या लागतात. माणूस आलाय हे ओळखतो तो सेन्सर. मग प्रत्यक्ष हालचाल करतो तो ॲक्च्युएटर. सेन्सर म्हणून मी चटई घेतली. तिच्याखाली दोन पत्रे, मध्ये फोमच्या पट्ट्या. पाय पडला की पत्रे टेकणार, सर्किट पूर्ण होणार. ॲक्च्युएटर म्हणजे ट्रकच्या वायपरची मोटर, तिला छोटा पंप. टायमर चार मिनिटांचा, म्हणजे पंप एकदा सुरू झाला की तेवढा वेळ चालणारच. कुणी हात घालू नये म्हणून बॅटरी कुलपात.

"झकास," पाटणकर साहेब म्हणाले. ते आमचे इंजिनिअर. "कुणाला काही शिकवायला नको. आला, उभा राहिला, पाणी चढलं."

पहिल्याच दिवशी सोनाबाई आल्या. नदीकाठच्या गावच्या, एकट्याच. बराच वेळ शोधत होत्या. मग चेहरा उजळला.

"ह्यो आमचा पिंपळ! आन् ह्ये घर!"

नीट बघायला त्या पुढं सरकल्या. पाय चटईवर पडला. पंप घरघरला, पाणी गल्लीत शिरलं, घराला लागलं. त्या दचकून मागं सरल्या, तरी पाणी चढतच राहिलं. मी कुलूप काढेपर्यंत छपरं बुडाली होती. वर ऊन पडलं होतं. पाणी फार सुंदर दिसत होतं, आणि त्याचीच मला लाज वाटली.

"म्या पाय ठिवला म्हून झालं व्हय?"

"न्हाई मावशी, हे नुसतं मॉडेल हाय."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर कुणी जवळ येईना. लोक भिंतीला टेकून लांबूनच बघायचे. दोन दिवस असेच गेले.

"गायकवाड, चटई काढ, फोटोसेल लाव," साहेब म्हणाले. "सावली पडली की सुरू."

"साहेब, मग नुसतं वाकलं तरी गाव बुडेल."

"मग बटण. सोडलं की बंद."

"पण चढलेलं पाणी उतरणार कसं?"

"अरे, तुला हवंय तरी काय?"

"ज्याचं त्याला चढवता आलं पाहिजे, आणि उतरवताही."

साहेब म्हणाले, मंजुरी ऑटोमॅटिक मॉडेलची आहे. मग लांब उभ्या राहिलेल्या माणसांकडे बघून म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघू."

मी मोटर काढली. इब्राहिमभाईंनी लाकडी चाक केलं. चाकाला दोरी, दोरीला पाण्याची बादली, बादलीच्या बुडातून मॉडेलपर्यंत रबरी नळी. बादली वर गेली की मॉडेलमध्ये पाणी चढतं, खाली आली की परत जातं. चाकाला चामड्याचा पट्टा घट्ट आवळला, म्हणजे हात काढला की ते जागीच थांबावं. धरण पूर्ण भरल्यावरची पातळी लाल दोऱ्यानं दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सोनाबाई दिराला घेऊन दारात उभ्या होत्या.

"मावशी, आता हे तुमच्या हातात हाय."

"म्या न्हाई फिरवलं तर?"

"तर पाणी न्हाई यायचं."

त्यांनी चाक धरलं. कितीतरी वेळ नुसतं धरून ठेवलं. मग हळूच फिरवलं. यावेळी आवाज नव्हता. पाणी पिंपळाच्या बुंध्याशी आलं, गल्लीत आलं, घरावरून गेलं. लाल दोऱ्याशी त्यांनी हात थांबवला.

"ह्ये माळावरचं रान वाचतंय?"

"वाचतंय."

"लोकं तर म्हंत्यात समदंच जानार."

त्यांनी चाक उलटं फिरवलं. छपरं एकेक करून वर आली, ओली, चकाकणारी. त्यांनी पुन्हा पाणी चढवलं, पुन्हा उतरवलं. सबंध गाव संथ श्वास घेतंय असं वाटत होतं. भिंतीजवळची माणसं कधी टेबलाभोवती आली ते मला कळलंच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा मला द्या."

संध्याकाळी फॉर्मच्या टेबलापुढं रांग होती. सोनाबाईंचं माळावरचं रान फॉर्ममध्ये वेगळं नोंदलं गेलं आणि ते त्यांच्याकडेच राहिलं. घर पुढं पाण्याखाली गेलं.

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं: मोटर काढली, कारण देखभाल सोपी. मी सही केली. पुढं नोकरीत बरेच सेन्सर बसवले. यंत्र सुरू कशानं होणार, हे मी नेहमी नंतर ठरवलं. समोरच्या माणसाला ते थांबवता कसं येणार, हे आधी.