वीस अँपिअरचा खटका

सांगलीत आमची पिठाची गिरणी होती. लढाई संपली तरी नवरा पलटणीतून सुटून आला नव्हता, म्हणून गिरणी मी आणि सासरे चालवत होतो. तेलाचं इंजिन काढून दहा घोड्यांची विजेची मोटार बसवली होती. वर लाकडी माडीवर आम्ही राहायचो आणि मोटारीची तार माडीच्याच तुळईवरून गेली होती.

मोटार सुरू करताना फ्यूज रोज उडायचा. सासऱ्यांनी त्यात जाड तार घातली. फ्यूज उडायचा थांबला, पण आठ दिवसांत तुळईवरच्या तारेचं रबर मऊ होऊन लोंबायला लागलं. वर माझी दोन मुलं झोपत होती. मी वायरमनला बोलावलं. म्हसवडकडचा माणूस, फौजेत वीजकाम शिकून नुकताच परतलेला. त्यानं फ्यूज उघडून बघितला.

"मामा, ही फ्यूजची तार न्हाई, बैलाची वेसण हाय."

आपोआप पडणारा खटका बसवायचं ठरलं. दुकानदारानं दोन पुढं ठेवले, एक वीस अँपिअरचा, एक चाळीसचा. "चाळीसचा न्या. सारखा पडायचा नाही," तो म्हणाला. सासऱ्यांचं तेच मत. मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू. दळण अडलं की रांगेतल्या बायकांची बोलणी मीच खात होते.

वायरमन मात्र हटेना. "वहिनी, तुमची तार वीस-बावीस सोसती. चाळीसचा पडायच्या आधी तारच जळंल. खटका तारेची राखण करतो."

"आणि सुरू होताना मोटार जास्त ओढते, त्याचं काय?" मी विचारलं.

"खटका थोडा दम खातो. मोकळी मोटार तेवढ्यात पळायला लागती. भरलेली न्हाई."

अडचण तिथंच होती. वीज गेली की धान्य जात्यात तसंच राहायचं. ते काढू द्यायला बायका तयार नसत, आपल्यातलं मूठभर दुसरीच्या पिठात जाईल ही धास्ती. मग आम्ही भरल्या जात्यावरच मोटार सुरू करायचो. इंजिनाच्या वेळी पट्टा एका मोकळ्या चाकावर सरकवून ठेवता यायचा. ते चाक आम्हीच अडगळ म्हणून काढून टाकलं होतं. वायरमननं ते परसातून शोधून आणलं आणि पुन्हा बसवलं. आता मोटार आधी मोकळी पळवायची, मग पट्टा जात्याच्या चाकावर सरकवायचा. खटका वीसचाच घेतला.

वर्षभर तो गुमान चालला. मग ऐन दिवाळीच्या दळणात पडला. लावला, परत पडला.

"सांगत हुतो पोरी, चाळीसचा घे म्हणून!" सासरे ओरडले. मी तिसऱ्यांदा लावला नाही, वायरमनला बोलावणं धाडलं.

जात्याचं बेअरिंग जाम होऊन, तापून निळं पडलं होतं. मोटार तीस-पस्तीस अँपिअर ओढत असणार, असं तो म्हणाला. चाळीसचा खटका गप्प बसला असता आणि मुलांच्या अंथरुणाखाली तार पेटली असती. मी तिथंच, सगळ्या रांगेसमोर, त्याचे उपकार मानले. माझं घर वाचलं ते त्या हट्टी माणसामुळे, हे मी आजही कुणालाही सांगते.

तो हात पुसत म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. बेअरिंगला ग्रीस कवा घातलं हुतं?"

ते काम सासऱ्यांकडं होतं. ते घाईनं रांगेकडं वळले. "ए बायांनो, पुढं सरका की गं!"

दुसऱ्या दिवसापासून ग्रीसचा डबा मी माझ्या ताब्यात घेतला.