अप्पांच्या मशीनचं आयुष्य

अंबाजोगाईत शिवलिंगअप्पांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. माणूस सचोटीचा, पण विश्वास म्हणाल तर स्वतःच्या सावलीवरही नाही. नारळ कानाशी हलवल्याशिवाय घ्यायचे नाहीत. तराजूची पारडी बदलून पुन्हा वजन करायला लावायचे. शिवांजलीचं, म्हणजे लेकीचं, लग्न ठरवतानाही जावयाच्या गावी न कळवता चौकशी करून आले होते.

अशा माणसानं नव्व्याण्णव साली जुना कॉम्प्युटर घेतला, तोही त्याच जावयाच्या, महांतेशच्या शब्दावर! महांतेश लातूरला कॉम्प्युटर शिकून सासऱ्याच्या दुकानात बसू लागला होता. पण मशीन भलतीच संथ. पत्रिकेवरचा गणपती पडद्यावर उमटेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एका दुपारी महांतेशनं डबा उघडला, आतलं जंपर नावाचं एवढंसं टोपण एका काट्यावरून काढून दुसऱ्यावर बसवलं, आणि त्याच प्रोसेसरचा वेग वाढला. गणपती झटक्यात आला. अप्पांना संशयही झटक्यातच आला.

"फुकट वेग कोण देतंय हो जावईबापू? बनवणाऱ्याला कळत नव्हतं का?"

"जरा जास्त तापतंय मामा, इतकंच. पंखा चांगला हाय."

"आयुष्य कमी होतं का न्हाई, तेवढं सांगा."

महांतेश खरं बोलून गेला. "होतं थोडं. पण तवर ही मशीन भंगारात गेलेली असंल."

"म्हंजे होतं," अप्पा म्हणाले, आणि संशय त्यांच्याकडं कायमचा मुक्कामाला आला.

मशीनला हात लावला की त्यांना ती तापानं फणफणलेली वाटायची. काही दिवसांनी ती पुन्हा संथ झाली, तेव्हा तर खात्रीच पटली. शक्ती उतरत चालली. "नवी मशीन घ्यायचीय जावयाला, म्हणून हिला मारतोय," असं त्यांनी बायकोला सांगितलं. शांतादेवी म्हणाल्या, "तुमचंच डोकं जास्त तापलंय," आणि ताट पुढं सरकवलं.

मग अप्पांनी देवाचा आधार घेतला. सकाळची लिंगपूजा झाली की कागदात विभूती बांधून आणायचे. जावई यायच्या आधी मशीनच्या कपाळावर तीन पट्टे ओढायचे, आणि जिथून ती हवा ओढते त्या फटींत चिमूटभर सोडायचे. आतल्या जिवाला पोचली पाहिजे ना.

ऐन लग्नसराईत मशीन बंद पडली. अप्पांना दुःख झालं, पण आपलं खरं ठरल्याचं समाधान जास्त झालं. भरल्या दुकानात ते म्हणाले, "खाल्लं न्हवं आयुष्य? माज्या धंद्याचं वाटोळं करायलाच आलता तुमी."

महांतेश खाल मानेनं डबा उघडत होता. प्रोसेसरवरचा पंखा राखाडी भुकटीत रुतून बसला होता. त्यानं बोटावर घेऊन वास घेतला. सासऱ्यांच्या पाया पडताना रोज यायचा, तोच वास.

अप्पांनीही ओळखलं. आवाज खाली आला. "तरी जंपरमुळंच तापलं असंल."

"जंपर मी कवाच पहिल्या जागी बसविलता, मामा. तुमाला जेवण जाईना म्हणून. सांगितलं असतं तर तुमी मानलं नसतं."

अप्पांनी आतला जंपर बघायला खिशातून चष्मा काढला. गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी चष्मा तसाच खिशात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी एखादी गोष्ट न बघता खरी मानली, आणि जावयाकडं वर बघायची त्यांना लाज वाटली.