पाण्याखालची कोरडी भिंत

नौदलात खलाशी म्हणून धाकट्या भावाची निवड झाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अठरा पूर्ण नसल्यामुळे पालकाचं संमतिपत्र लागत होतं. वडील चार वर्षांपूर्वी आजारात गेले होते, त्यामुळे सही आईचीच हवी होती. कागद महिनाअखेरपर्यंत पोचायचा होता. आई म्हणाली, "जागा बघितल्याबिगर सही नाय."

हे तिच्या स्वभावाला धरूनच होतं. वडील रेल्वेत असताना आमची वीस वर्षं इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथल्या पावसात भिंतीतून पाणी झिरपे, पेटीतले कपडे बुरसत. तेव्हापासून कोणतीही खोली घ्यायची म्हणजे आई आधी भिंतीला उलटा हात लावून पाही. गुडघ्याच्या उंचीवर, कपाटाच्या मागे, कोपऱ्यात. नाशिकला इंदिरानगरमध्ये आम्ही राहायला आलो ते तिने तीन खोल्या नापास केल्यानंतर.

थंडीत काही दिवस मुंबईच्या गोदीतली जहाजं लोकांना पाहायला खुली असत. १९८२ च्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे निघालो. कागद भावाच्या शर्टाच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत होता. गाडीत भाकऱ्यांची पुरचुंडी कोणी सोडली नाही.

पाहायला मिळालं ते एक जुनं जहाज होतं. लवकरच ते सेवेतून काढणार, असं रांगेतले लोक बोलत होते. माणसं तोफांपाशी गर्दी करत होती. आईने तोफेकडे पाहिलंही नाही. जहाज दाखवायला उभ्या असलेल्या खलाशाला तिने विचारलं, "पोरं झोपतात कुठं?"

तो साताऱ्याकडचा, पंचविशीतला मुलगा होता. म्हणाला, "मावशी, खाली. पण शिडी उभी आहे."

"दाव."

"मग तोंड शिडीकडे करून उतरा. उलट्या."

लुगड्याचा काष्टा नीट खोचून आई उतरली. दोन शिड्यांनंतर एक लांबट, बुटकी खोली आली. एकावर एक तीन खाटा, साखळ्यांनी टांगलेल्या. खिडकी नव्हती. आईने विचारलं, "पाणी कुठवर हाय?"

खलाशाने हात छताकडे केला. "आत्ता आपण उभे आहोत ना, पाणी आपल्या डोक्याच्या वर आहे."

भावाने त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य टाळता आलं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आई सर्वांत खालच्या खाटेपाशी बसली, हात खाटेमागे घातला आणि भिंतीला उलटा टेकवला. मग थोडं पुढे, मग कोपऱ्यात. बोटं नाकाशी नेली. "रंगाचा वास हाय. ओल नाय."

"ओल कशी येईल, मावशी? लोखंड आहे."

"आन पावसाळ्यात?"

"बोटीला बाराही महिने पावसाळाच."

आई हसली, पण उठली नाही. तिची नजर जाड लोखंडी दारावर होती. "हे लावलं तर उघडतं कुठून? बाहेरनं का आतनं?"

"दोन्हीकडून."

"तू नको सांगू," ती खलाशाला म्हणाली आणि भावाकडे बोट केलं. "तू आत थांब. लाव."

वरिष्ठ कोणी जवळ नाही ना, हे खलाशाने इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. आम्ही बाहेर आलो. भावाने दार ओढलं, आतून कड्यांसारखे लोखंडी दांडे एकेक करून बसले. मग काही क्षण काहीच नाही. आईचा हात दारावर होता. पहिला दांडा सुटला, दुसरा अडला, पुन्हा हलला. शेवटी दार उघडलं. भावाच्या कपाळावर घाम होता.

"जड हाय," आई म्हणाली. "पण उघडतं."

वर डेकवर आल्यावर तिने पहिल्यांदा समुद्राकडे पाहिलं. धक्क्यावर उतरून तिने भाकऱ्या सोडल्या, सोडायला खाली आलेल्या खलाशालाही चटणी-भाकरी दिली. खाताखाता भावाला म्हणाली, "कपडे किती न्यायचे?"

"कपडे तेच देतात."

"आतले?"

"आतलेपण."

"मग काढ तो कागद."

पेन खलाशाचं होतं. आई प्रौढ वर्गात सही शिकली होती. ती सावकाश, अक्षर सुटं सुटं करून लिही. भाऊ कागदाचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसला होता. सही झाल्यावर त्याने आणखी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पेन परत घेताना खलाशी म्हणाला, "माझी आई अजून आली नाही बघायला. सहा वर्षं झाली. दर सुट्टीत रडते."

"पत्ता दे तिचा," आई म्हणाली.

सोमवारी नाशिकहून दोन टपालं गेली. संमतिपत्र रजिस्टर करून, आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, आईने सांगितलेलं आणि भावाने लिहिलेलं, एक आंतरदेशीय पत्र.