खतिजाचो टोप

खतिजाला कोणी ‘खतिजाबी’ म्हटलं की ती मागे वळून बघते, दुसरी कोण आली म्हणून. वेंगुर्ल्यात ती नुसती खतिजा. काजूच्या कारखान्यात आम्ही तिघींनी तीस वर्षं एका बाकावर बसून काजू फोडले: खतिजा, फिलू फर्नांडिस आणि मी, सुगंधा. तिघींची बोटं सारखीच काळी. जीभ मात्र खतिजाची सर्वांत तिखट, मुकादमसुद्धा तिला वचकून असायचा.

फिलूकडे नाताळला डुकराचं मटण शिजतं. म्हणून खतिजासाठी टोप वेगळा. फिलूच्या नवऱ्याने होडीचा उरलेला हिरवा रंग त्या टोपाच्या कानाला फासला होता, चुकूनही त्यात दुसरं काही शिजू नये म्हणून. कोंबडी खतिजाच्या दिराने बिस्मिल्ला म्हणून कापलेली, वाटण फिलूचं. पुढे फिलूचा नवरा गेला, मुलगे परदेशी गेले. नाताळच्या जेवणाला उरलो आम्ही तिघी आणि तो टोप.

गेल्या नाताळआधी खतिजाच्या मुलाचा, तौसीफचा, कुवेतहून फोन आला. मोबाइलवर कुणाचं तरी भाषण ऐकून म्हणाला, ख्रिश्चनांच्या घरचं खाऊ नको. झालं! खतिजा चार दिवस फिलूकडे गेली नाही. नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायलाही फिरकली नाही. आणि माझं मेलं फुटकं तोंड! खतिजाने मला एकटीला सांगितलेलं मी जाऊन फिलूला सगळं सांगून बसले. फिलू एवढंच म्हणाली, “येवची नाय मगे ती?” माझी मलाच लाज वाटली.

तिकडे खतिजा इमामसाहेबांच्या दारात उभी. ते म्हणाले, “अहो, कुराणातच आहे. किताबवाल्यांचं, म्हणजे ख्रिश्चनांचं आणि यहुद्यांचं, अन्न तुम्हांला हलाल, तुमचं त्यांना. डुक्कर आणि दारू तेवढी नको.”

“यहुदी तर मी जन्मात बघूक नाय,” खतिजा म्हणाली.

“भेटले तर जेवायला बोलवा,” इमामसाहेब हसले.

नाताळच्या दुपारी खतिजा आली ती तौसीफच्या नावाने बडबडतच. “दात येवच्या आधी फिलूच्या हातची पेज खाल्ल्यान, आणि आता माका शिकवता!” माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिची नजर चुलीकडे गेली. चुलीवर नवा कोरा टोप.

“ह्यो कोणाचो?”

“तुजोच,” फिलू हळूच म्हणाली. “नवो हाडलंय. कोणाक संशय नको.”

“आणि माजो खंय?”

फिलूने परसदाराकडे बोट दाखवलं. जुना टोप परसात होता, कोंबड्यांना पाणी ठेवलेला.

खतिजाचं तोंड असं उतरलं की मला बघवेना. मग ती उठली, परसात गेली, पाणी ओतून दिलं आणि राख नि काथ्या घेऊन टोप खसाखसा घासायला बसली. सत्तरीची बाई, गुडघे वाकत नाहीत, पण मला हात लावू देईना. हिरवा कान चकचकीत झाला तेव्हा आत येऊन तिने सगळी कोंबडी त्यात ओतली. नवा टोप माझ्या हातात कोंबला. “ह्यो तू घेवन जा. फुटक्या तोंडाचा बक्षीस.”

फिलू डोळे पुसत होती.

“रडतंस कित्याक गो? वाढ आता.” पहिला घास घेऊन खतिजा म्हणाली, “मीठ कमी आसा.”

“मीठ बरोबर आसा,” फिलू नाक ओढत म्हणाली, “पण चार दिवस खंय होतंस?”

 खतिजाने टोपातली मोठी तंगडी उचलली आणि फिलूच्या ताटात ठेवली.